कार्डावर नुसते 'विश्रांती' लिहून भागत नाही

महोदय,

गेल्या वर्षी माझ्या नडगीचे हाड मधोमध मोडले आणि आत रॉड घालावा लागला. घरी सोडताना हाती दिलेल्या कार्डावर 'विश्रांती' एवढाच शब्द होता. पायावर वजन कधी आणि किती टाकायचे, याचा त्यात उल्लेखही नव्हता. भीतीपोटी मी सहा आठवडे तो पाय जमिनीला टेकवला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारले, "अहो, वॉकर घेऊन उभे का राहिला नाहीत?"

त्यानंतर थोडे वाचन केले, तेव्हा समजले की मोडलेल्या जागी हालचाल किती होते यापेक्षा ती किती रुंद फटीत होते, हे महत्त्वाचे असते. स्विस शल्यविशारद स्टेफान पेरेन यांनी मांडलेल्या हिशेबानुसार १ मिलिमीटरच्या फटीत अर्धा मिलिमीटर हालचाल झाली तर तिथल्या ऊतींवर ५० टक्के ताण येतो (म्हणजे त्या फटीच्या रुंदीच्या निम्म्याने ताणल्या जातात), आणि तेवढीच हालचाल १० मिलिमीटरमध्ये विभागली गेली तर ५ टक्केच. सुरुवातीची मऊ ऊती १०० टक्क्यांपर्यंत ताण सोसते, कूर्चा सुमारे १० टक्के आणि पक्के हाड जेमतेम २ टक्के. म्हणूनच प्लेटने दोन्ही टोके घट्ट आवळली की हाड गाठ न धरता जुळते, तर रॉड किंवा प्लास्टरमध्ये थोडी हालचाल उरते आणि एक्स-रेत जोडाभोवती नव्या हाडाचा फुगवटा दिसतो. (आमच्या घरी तो पाहून सगळेच घाबरले होते!) गुडशिप आणि केनराइट या ब्रिटिश संशोधकांनी १९८५ मध्ये मेंढ्यांच्या नडगीवर दाखवून दिले की रोज थोडाच वेळ, हाडाच्या लांबीच्या दिशेने दिलेली सूक्ष्म हालचाल पूर्ण ताठ बंधनापेक्षा लाभदायक ठरते. पीळ किंवा आडवी घसरण मात्र जोड बिघडवू शकते.

यावरून कोणी उठून चालू लागावे असे मला मुळीच सुचवायचे नाही, कारण मोड कशी आहे आणि बांधणी किती भक्कम आहे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच ठाऊक असते. नेमके म्हणूनच, बोटे टेकवायची, अर्धे वजन द्यायचे की पूर्ण, आणि ते कोणत्या आठवड्यापासून, या दोन ओळी रुग्णालयांनी घरी सोडतानाच्या कार्डावर मराठीत लिहून द्याव्यात, एवढीच माझी मागणी आहे.

– एक वाचक, सातारा