कंपाउंड वॉलवर वारली चित्रे काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
विरार (पश्चिम)

महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर आपल्या सोसायटीची कंपाउंड वॉल रंगवून रस्त्याच्या बाजूला देवांच्या टाइल्स बसवायचा विचार चालू असल्याचे कळले. लोक तिथे थुंकतात, लघवीला उभे राहतात, त्रास खराच आहे. पण देवांना पहारा करायला बसवणे मला पटत नाही. टाइल फुटली की देवाची तसबीर कचऱ्याशेजारी लोंबत राहते, हे गावभर दिसते.

त्याऐवजी त्या भिंतीवर वारली चित्रे काढून घ्यावीत, अशी कळकळीची विनंती आहे. आपण पालघर जिल्ह्यात राहतो. ही कला जगापुढे नेणारे पद्मश्री जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी आपल्या मुलांना वारली ठाऊक आहे ती चादरींवर आणि कपांवर छापलेली. म्हणून डेकोरेटरकडून स्टेन्सिल मारून घेऊ नये. डहाणू-जव्हारकडचे वारली चित्रकारच बोलवावेत, त्यांना रीतसर मानधन द्यावे आणि काय काढायचे ते त्यांच्यावर सोपवावे. लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नात काढतात ते विधीचे चित्र, मात्र मागू नये. त्यातली पालघट देवी सवासिणी लग्नघराच्या भिंतीवर काढतात, ती रस्त्याच्या शोभेसाठी नाही. तारपा या फुंकवाद्यावरचा नाच, भातलावणी, मासेमारी, झाडे, पाखरे, काढण्यासारखे पुष्कळ आहे.

ती बाजू आपल्यापेक्षा भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले आणि शाळेत जाणारी मुले जास्त बघतात. २०१७ साली मुंबईच्या ससून डॉक या मासळी बंदरात कलाप्रदर्शन भरले, तेव्हा तिथल्याच कष्टकऱ्यांचे मोठाले फोटो भिंतींवर लावले होते. जागा ज्यांची, त्यांना ती आपली वाटली पाहिजे. चित्रकार काम करत असताना ही सगळी मंडळी थांबतील, विचारतील. मुलांना तर जवळ बसून बघू द्यावे.

गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र उघड्यावर आपल्या पावसात टिकणार नाही. त्यामुळे आधी ओल बंद करून, सुटलेले प्लास्टर काढून, प्रायमरवर गेरूच्या छटेचा बाहेरच्या भिंतींचा अ‍ॅक्रिलिक रंग द्यावा लागेल. डागडुजी आणि रंग आपण करणारच आहोत. टाइल्सचे पैसे चित्रकारांना देता येतील.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. तोवर चित्रकारांशी बोलून खर्चाचा अंदाज आणायची जबाबदारी मी घेते.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, बी विंग