पहिल्या पगाराचा महापौर

सिल्व्हर स्प्रिंग, मेरिलँड

प्रिय श्रीकांत,

तुझा मेसेज पोचला. "कोकेन ओढताना कॅमेऱ्यात सापडलेल्या माणसाला तुमच्या वॉशिंग्टनवाल्यांनी पुन्हा महापौर केलं, वर पुतळाही उभारला, आणि तू आम्हाला नगरसेवकांवरून शहाणपण शिकवणार?" टोमणा बसला. फोनवर आपलं भांडण झालं असतं, म्हणून लिहितोय.

इथे आलो तेव्हा तो महापौर, मॅरियन बॅरी, मलाही चेष्टेचाच विषय वाटायचा. आमच्या ऑफिसात रिसेप्शनला साठीच्या एक काळ्या बाई आहेत, अ‍ॅनाकोस्टिया नदीपलीकडच्या. त्यांच्यासमोर मी एकदा तसला विनोद केला. त्या हसल्या नाहीत. "माझा पहिला पगार त्याने दिला," एवढंच म्हणाल्या. चौदाव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम. त्या पैशांतून त्यांनी आईला इस्त्री घेतली. पिवळ्या मुठीची, हेही सांगितलं. मी ओशाळलो आणि मग वाचायला घेतलं.

हा माणूस 1936 चा, मिसिसिपीतल्या इट्टा बेना गावचा. बाप दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस पिकवणारा, तोही लहानपणीच गेला. पुढे मेम्फिसला पोरगा पेपर टाकायचा. जास्त गिऱ्हाईकं आणणाऱ्या गोऱ्या पोरांना पेपरवाले न्यू ऑर्लीन्सच्या सहलीला नेणार, काळ्यांना नाही. याने पेपर टाकणंच बंद केलं! शेवटी काळ्या पोरांसाठी सेंट लुईची सहल निघाली. नंतर रसायनशास्त्रात मास्टर्स, नॅशव्हिलमध्ये गोऱ्यांपुरत्या खाणावळींत ठिय्या, आणि 1960 मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेचा पहिला अध्यक्ष. पीएचडी अर्धवट सोडली. मला विचारशील तर देशाचं नुकसान फार झालं नसावं.

1965 ला तो वॉशिंग्टनला आला. इथली एक गंमत तुला ठाऊक नसेल: राजधानी असूनही या शहराला तेव्हा स्वतःचा निवडलेला महापौर नव्हता. काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, मत तर आजही नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर ती तक्रारच छापलेली असते. जानेवारी 1966 मध्ये बसभाडं 20 सेंटचं 25 होणार होतं. बॅरीने एक दिवस लोकांना बसमध्ये चढूच दिलं नाही म्हण ना; खासगी गाड्यांतून माणसं कामावर पोचवली. भाडेवाढ बारगळली. 1977 मध्ये बंदूकधारी नगरभवनात घुसले तेव्हा तिथेच नगरसेवक असलेल्या बॅरीला छातीत गोळी लागली, हृदय थोडक्यात वाचलं. पुढच्याच वर्षी महापौर म्हणून निवडून आला. आणि मग पोरांना पालिकेतर्फे त्या उन्हाळी नोकऱ्या, काळ्या कंत्राटदारांना पालिकेची कामं.

आता तुझी बाजू. 18 जानेवारी 1990, हॉटेलची खोली, जुनी मैत्रीण, एफबीआयचा छुपा कॅमेरा. पोरांना ड्रग्जपासून लांब राहा म्हणणारा महापौर स्वतः क्रॅक, म्हणजे पाइपमधून ओढायचं कोकेन, ओढत होता. सापळा होता हे खरं, पण पाइप कोणी जबरदस्तीने तोंडात दिला नव्हता. चौदा आरोपांपैकी ज्युरीने एकच धरला, सहा महिने कैद. सुटल्यावर 1992 ला नदीपलीकडच्या आठव्या वॉर्डाने कौन्सिलवर पाठवला, 1994 ला पुन्हा महापौर! गोऱ्या मतदारांना म्हणाला, झालं गेलं विसरा. मला ते आवडलं नाही. क्रॅकने कोणाची घरं बसली होती? त्याच्याच मतदारांची. 1991 साली सहा लाख वस्तीत 482 खून झाले. तिजोरीही इतकी खालावली होती की 1995 मध्ये काँग्रेसने हिशेब आपल्या मंडळाच्या ताब्यात घेतला, आणि ज्या स्वराज्यासाठी तो भांडला त्याचेच पंख छाटले गेले. तो खड्डा काही त्याने एकट्याने खणला नाही, पण पालिकेत माणसं भरताना हात सैल सोडला होता हे नक्की.

तरी 2014 मध्ये गेला तेव्हा तो आठव्या वॉर्डाचाच कौन्सिलर होता. तुला खुपतो तो आठ फुटी ब्राँझचा पुतळा 2018 पासून नगरभवनासमोर आहे. गोळी लागली त्याच इमारतीपुढे. परवा पाहून आलो.

त्या बाईंचा धाकटा भाऊ क्रॅकच्याच वर्षांत गेला. हे मला फार उशिरा कळलं. धीर करून विचारलं, मग 1994 ला मत कोणाला दिलंत? त्यांनी चष्मा पुसला. "ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही," म्हणाल्या आणि वाजणारा फोन उचलला.

काकूंना नमस्कार. दिवाळीत येतोय, तेव्हा भांडू.

तुझा,
अव्या