हिंगणघाटच्या काकांना, मनापासून

काका, तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

वर्षभर मी इंग्रजांनी अख्खा हिंदुस्थान मोजायला काढलेल्या त्या मोठ्या सर्व्हेवर लिहितोय, 1802 ला मद्रासजवळ बेसलाइन (सगळ्या मोजणीची पायाभूत सरळ रेषा) मोजून लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने सुरू केलेल्या. मला त्यातल्या गणितापेक्षा काम का रखडत गेलं ते शोधायचं होतं. माणसंच नव्हती हो! 1819 ला कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात लॅम्बटनचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याची तुकडी गेली आणि दीडशेच्या आसपास माणसं तापाने आडवी झाली, हैदराबादला परत पोचेपर्यंत त्यातली 15 गेली. मग एव्हरेस्ट स्वतः आजारी, लॅम्बटन नागपूरकडे निघालेला असताना 20 जानेवारी 1823 ला तुमच्या हिंगणघाटात वारला, 1825 ला एव्हरेस्ट पुन्हा आजारपणाने विलायतेला गेला तो 1830 लाच परतला. तोवर दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजत न्यायच्या मुख्य रेषेचं काम मध्य भारतातल्या सिरोंजला थांबलेलं. मधल्या वर्षांत सिरोंजपासून कलकत्त्याकडची मोजणीच्या त्रिकोणांची साखळी ऑलिव्हरने ओढत नेली, मद्रासच्या सर्व्हे स्कूलमधून आलेला साधा असिस्टंट, त्याचं नाव आज कोण घेतं?

तर लॅम्बटनची कबर बघायला मी आलो. येण्याआधी एका ऑफिसात चार चकरा मारल्या, साहेब दौऱ्यावर, बाई रजेवर, उद्या या. स्टाफ कमी असतो हे मला कळतं, त्याचा राग नाहीच, पण चार दिवसांत एकाही माणसाने मान वर करून काय पाहिजे एवढं विचारलं नाही याचा राग अजून आहे. आणि चहाच्या टपरीवर तुम्ही माझं बोलणं नुसतं ऐकलंत आणि म्हणालात, बसा गाडीवर.

वाटेत कळलं की तुम्ही भूमी अभिलेखमधून रिटायर्ड भूकरमापक, तीन माणसांचं काम एकट्याने केलेले, मोजणी लांबली की लोकांच्या शिव्या खाल्लेले. पण मला खरं हलवलं ते पुढचंच. कबरीपाशी पोचलो आणि मी लगेच मोबाईल काढून फोटो काढायला लागलो, तुम्ही मात्र आधी चपला काढल्या. उन्हाने जमीन भाजत होती. बाटलीतलं पाणी दगडावर ओतलंत, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसलंत आणि हळूच म्हणालात, "आपल्याच खात्याचा माणूस होय जी." मी त्या 15 जणांचं सांगितलं तर लगेच विचारलंत, त्यांची नावं कुठं लिहिली का? मी जेवढं वाचलंय त्यात तरी नाहीत म्हटलं, तेव्हा तुम्ही बराच वेळ बोललाच नाहीत.

वर्षभर वाचून मला जे सुचलं नाही ते तुम्ही एका प्रश्नात विचारलंत काका. अशी माणसं आहेत म्हणून कामं होतात, तेव्हाही आणि आताही, खुर्ची कितीही मोठी असली तरी हे तिथून येत नाही, आतूनच असावं लागतं.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, उलट घरी नेऊन काकूंच्या हातची गरम भाकरी आणि झुणका खायला घातलात.

माझा लेख आता त्या 15 जणांपासून सुरू होतो, लॅम्बटन नंतर येतो. छापून आला की पहिली प्रत पोस्टाने नाही पाठवणार, मीच घेऊन येतो. काकूंना सांगून ठेवा.