न चाललेली चाचणी पास कशी?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात मधूनमधून बातमी येते, अमक्या खात्याचं नवं पोर्टल तयार, सगळ्या चाचण्या यशस्वी. आणि मग फॉर्म भरायची तारीख आली की तालुक्याच्या गावची पोरं नेट कॅफेत अर्धी रात्र बसून असतात, पेज काही उघडत नाही. मी लातूरचा, घरूनच ऑटोमेशन टेस्टिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालतं का ते स्क्रिप्ट लिहून आपोआप तपासायचं काम करतो, त्यामुळं "सगळ्या यशस्वी" म्हणजे आतमध्ये नेमकं काय असतं ते रोज बघतो, म्हणून लिहायलोय.

टेस्टच्या स्क्रिप्ट रात्री आपोआप चालतात आणि संपताना एक आकडा मागं ठेवतात, त्याला एक्झिट कोड म्हणतात. ० म्हणजे नीट झालं, दुसरं काहीही म्हणजे गडबड. टेस्ट चालवणारा सर्व्हर बहुतेक वेळा एवढाच आकडा बघतो आणि रिपोर्ट हिरवा का लाल ते ठरवतो. आता टेस्ट फेल होणं वेगळं, डेटाबेसच चालू नव्हता म्हणून टेस्ट अडकणं वेगळं, मुद्दाम स्किप करणं वेगळं आणि टेस्ट सापडलीच नाही हे तर अजूनच वेगळं. आपल्या विद्यापीठाच्या निकालात नापास, गैरहजर, निकाल राखीव असं वेगवेगळं छापतात ना, गैरहजर पोराला कोणी पास धरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र सर्रास धरतात.

टूल बनवणाऱ्यांनी सोय केलेली नाही असं अजिबात नाही. पायटेस्ट या टेस्ट चालवायच्या टूलमध्ये १ म्हणजे काही टेस्ट फेल, २ म्हणजे कोणीतरी मधेच थांबवलं, ३ म्हणजे टूलच आतून बिघडलं, ४ म्हणजे कमांड चुकली, ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. ऑटोमेक या प्रोग्राम बांधायच्या टूलमध्ये ७७ म्हणजे स्किप आणि ९९ म्हणजे टेस्टची मांडणीच कोसळली. डेजाग्नू हे टेस्टचं टूल तर पास-फेलच्या पलीकडं अनरिझॉल्व्ड (निकाल ठरला नाही), अनटेस्टेड (तपासलंच नाही), अनसपोर्टेड (इथं ती सोयच नाही) असे वेगळे शेरे देतं, आणि ते टूल काही आजकालचं नाही. पण आपल्याकडं लाल रंग साहेबाला दाखवायचा नाही म्हणून लोक कमांडच्या शेवटी ऑर ट्रू (|| true, म्हणजे फेल झालं तरी ठीक समज) लावतात, झालं, काहीही होवो, शून्यच येणार. काहीजण आउटपुट पाइपमधून, म्हणजे पुढच्या कमांडच्या हाती देऊन, लॉग फाइलकडं पाठवतात आणि पाइपफेल (आधीची कमांड फेल झाली तर ते लपू न देणारी सेटिंग) चालू करत नाहीत, मग सर्व्हरला टेस्टचा कोड मिळतच नाही, शेवटच्या कमांडचा मिळतो.

अजून एक, घरी बनवलेल्या स्क्रिप्टमध्ये फेल झालेल्यांची संख्याच एक्झिट कोड म्हणून देतात. युनिक्स-लिनक्सवर हा कोड ० ते २५५ एवढाच मावतो, त्यापुढं परत ० पासून सुरू, म्हणजे बरोबर २५६ टेस्ट फेल झाल्या तर कोड ० येतो! रोबोट फ्रेमवर्क या टेस्टच्या टूलवाल्यांनी हे ओळखून संख्या २५० ला थांबवली आणि वरचे काही आकडे दुसऱ्या अडचणींसाठी राखून ठेवले.

एका कंपनीत मी हे डोळ्यांनी बघितलंय. पेमेंटच्या टेस्टमध्ये लिहिलेलं होतं की डेटाबेस जोडला नाही तर स्किप कर. डेटाबेस रात्री उठलाच नाही, पेमेंटच्या झाडून सगळ्या टेस्ट स्किप झाल्या, आणि पायटेस्ट स्किपला गडबड मानत नाही, त्यामुळं कोड आला ०. कन्सोलच्या शेवटच्या ओळीत स्किप्डचा आकडा पिवळ्या अक्षरात स्पष्ट दिसत होता, पण मॅनेजरला जाणारा मेल कोडवरून बनायचा, त्यात फक्त हिरवी पट्टी. रिलीजनंतर पैसे भरायचं बटणच चालेना, आणि शिव्या खाल्ल्या फोन उचलणाऱ्या सपोर्टच्या पोरींनी.

संभाजीनगर, नांदेड, लातूरला टेस्टिंगचे क्लास भरपूर निघालेत, पोरं मेहनतीनं सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासायचं टूल) शिकायलेत, पण रिझल्टचे हे प्रकार वेगळे कसे नोंदवायचे ते बऱ्याच ठिकाणी शिकवतच नाहीत. शिक्षकांना विनंती आहे, प्रॅक्टिकलला एकदा डेटाबेस बंद करून पोरांना रिपोर्ट काढायला लावा. आणि सरकारी पोर्टलचं काम देताना करारातच लिहून घ्या की पास, फेल, स्किप, एरर चारही आकडे वेगळे द्यायचे आणि स्किप ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले तर बिल्ड (त्या वेळचं तयार सॉफ्टवेअर) लाल.

आपल्या वार्ताहरांनाही सांगणं आहे, "सगळ्या चाचण्या यशस्वी" असं कोणी अधिकारी म्हणाला तर एकूण किती होत्या आणि त्यातल्या चालल्याच नाहीत अशा किती, हे विचारा आणि दोन्ही आकडे बातमीत छापा.

आपला वाचक,
एक टेस्टर, लातूर