सफेद एकचा सा

मिरज

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

पचमढीला, तुमच्या लष्करी बँडच्या शाळेत, कडाक्याची थंडी पडलीय असं आईला म्हणालास. मग सकाळी ट्रम्पेटची केस उघडल्या उघडल्या ट्यूनिंग बघू नकोस. पितळ गार असलं की सूर उतरलेला असतो. आधी नुसती तोंडाची वाफ आत सोड, थोडं वाजव, मग स्लाइडला, म्हणजे सूर जुळवायच्या सरकत्या नळीला, हात लाव.

इन्स्ट्रक्टर साहेब रोज बाराही पट्ट्यांची स्केल वाजवून घेतात म्हणून वैतागलास. बाबांना वरातीत कुठे बारा लागले, असं विचारलंस. नाही लागले. गाणं कुठल्याही पट्टीतलं असो, आम्ही ते ट्रम्पेटला सोप्या जागी आणून बसवतो. नवरदेव काही पट्टी तपासत नाही. तुझ्यापुढे मात्र छापील नोटेशन येणार. आपला ट्रम्पेट बी-फ्लॅटचा. कागदावरचा सी वाजवला की पेटीची काळी पाच ऐकू येते, म्हणजे एक सूर खाली. त्यामुळे सफेद एकचं, म्हणजे सी पट्टीचं, गाणं आपल्याला एक सूर वर, डी मेजरमध्ये, दोन शार्प म्हणजे दोन चढे सूर. व्हायोलिनवाल्यांचा लाडका ए मेजर आपल्याकडे बी मेजर होऊन येतो, पाच शार्प! ऐनवेळी बोटं कुठून आणशील?

डी मेजरचंच घे. खालचा डी पहिला आणि तिसरा पिस्टन दाबून येतो, आणि चढाच येतो. प्रत्येक पिस्टनची नळी तो एकटा दाबला जाईल या हिशेबाने कापलेली असते. दोन एकदम दाबले की एकूण नळी जराशी आखूड पडते. म्हणजे सफेद एकच्या गाण्यात आपला सा-च चढा. तिसऱ्या स्लाइडची कडी डाव्या अनामिकेने बाहेर ढकललीस की तो जागेवर बसतो. किती ढकलायची ते लिहून कळणार नाही. मोबाइलवर सफेद एकचा तानपुरा लाव आणि स्केल अगदी संथ वाजव. खालचा सी-शार्प तर तिन्ही पिस्टनचा, तो याहून चढा. बोट विचार न करता कडीकडे गेलं पाहिजे, त्यासाठी रोजचं बसणं.

आणि वाजव हळू आवाजात. आम्हाला ताशावर चढायचं असतं, म्हणून आम्ही माउथपीस ओठावर दाबतो. वरचे सूर मिळतात, पण ओठ लवकर मरतात. हळू वाजवताना दाबून भागत नाही, श्वासच लागतो. जेवढा वेळ वाजवशील तेवढीच विश्रांती घे. ओठ सुजल्यासारखे वाटले तर नुसती बोटं पिस्टनवर चालव आणि सूर तोंडाने म्हण. तोही रियाजच.

मे महिन्यात सुट्टी मिळाली तरी तुला वरातीला नेणार नाही. आमच्या मालकांनी आत्तापासून विचारलंय, मी नाही म्हणून सांगितलं.

पिस्टनचं ऑइल संपत आलं असेल तर कळव. आईने मेतकूट दळून ठेवलंय, त्याच पार्सलात घालतो.

तुझे,
बाबा