पालापाचोळा पेटवता कशाला?

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या टिळकवाडी भागात सकाळी सकाळी झाडलेला पाला गोळा करून तिथंच कोपऱ्यात पेटवतात, धूर सगळा घरात, आणि तीच माणसं मग संध्याकाळी नर्सरीतनं खताची पिशवी विकत आणतात, हे काय कळत नाही बघा.

आपली इकडची, खानापूरकडची तर जास्तच, तांबडी माती. उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट आणि पावसाळ्यात एवढा पाऊस की त्यातलं सत्त्व वाहूनच जातंय. नुसता युरिया टाकून काय होणार, त्यात ४६ टक्के नत्र असतंय खरं पण माती भुसभुशीत होत नाही, त्याला कुजलेला पालाच पाहिजे. मी जुन्या ड्रमला भोकं पाडून तीन भाग वाळका पाला, एक भाग भाजीची सालं आणि वर थोडं शेणाचं पाणी असं थर लावतोय, पंधरा दिवसांनी हलवायचं, तीन-चार महिन्यांत काळं खत तयार. वास आला तर ओल जास्त झाली समजायचं, अजून वाळका पाला घालायचा.

एक मात्र सांगतो, ताजं शेण डायरेक्ट मुळात घालू नका. मी घातलं होतं, दोन गुलाब करपले, बायको अजून ऐकवते! निंबोळी पेंड मूठभर चालते. कुणाला पाला नको असेल तर पेटवायच्या आधी आम्हाला हाक मारा की ओ, पोतं घेऊन येतो.

– एक वाचक, बेळगाव