भाऊकाका, त्या फाईलीबद्दल आभार

ती. स्व. भाऊकाका यांस,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. 'पुरे गो, चहा घे' म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे, इथे मध्येच तोडता येणार नाही. शिवाय गोव्यातल्या आपल्या माशेलच्या आसपासची बारावीतली मुले मला हल्ली विचारतात, एन्व्हायर्न्मेंटल डिझाईन म्हणजे नेमके काय आणि त्यात नोकरी लागते का? मला सुचणारे उत्तर दर वेळी तुमचेच असते.

मी हाच विषय घेणार म्हटले तेव्हा बाबांचा विरोध शिक्षणाला नव्हता. डॉक्टर काय करतो ते दुकानदार माणसाला ठाऊक असते, इंजिनिअरचेही. 'पर्यावरण शिकून ही काय झाडे लावणार?' या त्यांच्या प्रश्नापुढे माझी बोबडी वळायची. तुम्ही वाद घातला नाहीत. सर्व्हे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून जन्म गेला, निवृत्तीनंतर लोकांचे कागद करून देता. त्यातल्याच एका हॉटेलच्या कागदांची झेरॉक्स तुम्ही पडवीत पसरलीत. एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सातबारा), सर्व्हे प्लॅन, जमीन कशाला वापरता येईल ते सांगणारा झोनिंगचा दाखला, बिगरशेतीची सनद, जमिनीचे चढउतार दाखवणारा कंटूर प्लॅन, भरतीरेषेचा नकाशा. एकेक कागद बाबांच्या हातात द्यायचा आणि विचारायचे, 'हा कोणी केला असेल, सांग बघू?'

झोनिंगमागे नगररचनाकार. कंटूर बघून पाणी कुठून काढायचे, कुठली झाडे राखायची, भराव किती घालायचा हे ठरवणारा लँडस्केप आर्किटेक्ट. भरतीरेषेच्या नकाशामागे सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम कोळून प्यालेला सल्लागार. बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या वर गेले की २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, तेव्हा हवा, पाणी, माती, जीवसृष्टी यांचे अहवाल लिहिणारी वेगळी मंडळी. आणि इमारत एसीविना निम्मी तरी थंड राहावी म्हणून ऊन-वाऱ्याचा हिशेब मांडणारा आणखी एक. बाबा बराच वेळ कागद चाळत होते. मग म्हणाले, 'म्हणजे एका फाईलीवर इतक्यांची पोटे चालतात तर!' माझे ॲडमिशन त्या वाक्यात झाले.

मुलांसाठी वाटेबद्दल थोडे सांगते. अमेरिकेत बर्कलेला १९५९ साली वास्तुकला, नगररचना आणि लँडस्केप एका कॉलेजात आणून त्याला एन्व्हायर्न्मेंटल डिझाईन हेच नाव दिले. आपल्याकडे बहुतेकांना ते तुकड्यातुकड्यांनी जोडावे लागते. बारावीला गणित, मग नाटा ही प्रवेशपरीक्षा, मग पाच वर्षांचे बी. आर्क.; माझे आल्तिनोवरच्या गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमध्ये झाले. पुढे दोन वर्षांचे मास्टर्स: लँडस्केपसाठी अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ किंवा दिल्लीचे एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), पर्यावरण नियोजनासाठी दिल्ली किंवा भोपाळचे एसपीए. मी अहमदाबाद धरले.

तिथे पाण्याच्या वाटेचा विषय आला तेव्हा वर्गातले बाकीचे संगणकावर शिकत होते ते मी तुमच्याबरोबर कुंभारजुव्याच्या कालव्याकडच्या बांधावर बघून आले होते. चिखलात चपला हातात घेऊन तुम्ही मला मानशीजवळ, बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, बसवले होतेत, भरती लागेपर्यंत. बाहेरचे खारे पाणी चढले आणि लाकडी दार कोणी हात न लावता आपसूक मिटले. ओहोटीला आतल्या पाण्याने ते ढकलून उघडले. वीज नाही, मोटर नाही, नुसता पाण्याचाच दाब. आत खारट जमिनीत तग धरणारे कोरगुट भात, मानशीतल्या माशांची पावणी म्हणजे लिलाव, त्या पैशांतून बांधाची डागडुजी. 'एक भगदाड पडले तर किती हंगाम जमीन नासेल?' असे विचारून तुम्ही गप्प बसलात. त्या दिवशी मला खाजण, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, कळले. कोणी ड्रेनेजचा नकाशा पुढे ठेवला की मी अजून आधी हेच विचारते: भरतीच्या वेळी काय होणार?

गोव्यात हे प्रश्न कागदी नाहीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. खाजणातून रस्ता न्यायचा आणि खाली अरुंद मोरी ठेवायची, मग पाणी वाड्यात शिरले की पावसाला शिव्या द्यायच्या, हे आपण सगळेच बघतो. २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांसाठी वेगळी तरतूद आहे. ती वाचून त्याप्रमाणे नकाशा काढणारी माणसे हवीत, आणि ती इथलीच असली तर बरे.

पैशांचेही खरे सांगते, नाहीतर बारावीची मुले मला नंतर धरतील. पहिल्या ऑफिसातला पगार बसभाडे, जेवण आणि प्रिंटांचा खर्च यांतच जिरायचा. तेव्हाही तुम्ही उपदेश केला नाहीत, सुट्टीच्या दिवशी तुमच्या जुन्या ओळखीतली प्लॉट आखणीची कामे माझ्याकडे वळवलीत. त्यांतून मोजणी पक्की झाली आणि पुढची नोकरी मिळाली. बाबा आता गिऱ्हाइकांना सांगतात, 'आमची चेडू पाण्याचे प्लॅन करते.' वर्णन तसे बरोबरच आहे.

आमच्या वाड्यावरची एक मुलगी नाटाची तयारी करते आहे. तिचे वडीलही तोच झाडांचा प्रश्न विचारतात. येत्या रविवारी दोघांना तुमच्याकडे पाठवते. झेरॉक्स फार फिकट झाली असेल तर सांगा, माझ्या हल्लीच्या एका कामाचा नवा संच देते. २०१८ सालच्या इको-निवास संहितेप्रमाणे, म्हणजे घरांतल्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीप्रमाणे, केलेला घराच्या भिंती-छपरातून येणाऱ्या उष्णतेचा हिशेबही त्यात आहे. तो कोणी केला ते त्यांना विचाराच.

तुमची,
दुकानदारांची थोरली